पाण्याची उतरंड : दुष्काळात घर कसं बदलतं



आजचा विषय पाण्याचा आहे, पण धरणातल्या नव्हे. बादलीतल्या, पिंपातल्या, तांब्यातल्या पाण्याचा. दुष्काळ पडला की बातम्यांत भेगाळलेली जमीन दिसते, तळ उघडा पडलेला तलाव दिसतो. त्याच दिवसांत घराच्या मोरीत काय बदलतं, कोणाची आंघोळ टळते, कोण तहान मारून बसतं, हे मात्र कॅमेऱ्यात येत नाही. आज आपण तोच हिशेब मांडणार आहोत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुष्काळात प्रत्येक घर पाणी वाचवतं, पण बरीच घरं उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. जिथे बादल्याच्या बादल्या जातात तिथे हात उशिरा पोचतो. आणि जिथे मुळातच तांब्याभर पाणी लागतं, म्हणजे पिणं आणि हात धुणं, तिथली काटकसर गुपचूप आधी सुरू होते. ती काटकसर पाणी फारसं वाचवत नाही, आजारी मात्र पाडते.

१३५ लिटर जातात कुठे?

भारतीय मानक ब्यूरोने शहरी घरासाठी, जिथे फ्लशचा संडास आहे अशा घरासाठी, माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आहे. त्याची फोड बघा : आंघोळ ५५ लिटर, संडासाचा फ्लश ३०, कपडे धुणं २०, घर पुसणं-धुणं १०, भांडी १०, स्वयंपाक ५ आणि पिणं ५.

आता यातले मोठे आकडे उचला. आंघोळ आणि फ्लश मिळून ८५ लिटर झाले. म्हणजे १३५ पैकी साठ टक्क्यांहून जास्त पाणी न्हाणीघर आणि संडास या दोनच ठिकाणी जातं. पिणं आणि स्वयंपाक मिळून फक्त १० लिटर. गावाकडे जल जीवन मिशनने माणशी ५५ लिटरांचं लक्ष्य ठेवलं आहे. तिथेही पिण्या-रांधण्याची गरज तेवढीच राहते, बाकीचे आकडे आक्रसतात.

साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ ते दहा लिटर पाणी पडतं. दहा मिनिटं उभं राहिलं की ८० ते १०० लिटर गेले. बादली-तांब्याने तीच आंघोळ १५ ते २० लिटरांत होते. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सुटतं, नव्या दोन बटणांच्या टाकीत तीन किंवा सहा. म्हणून पाणी वाचवायचं असेल तर आधी या दोन जागांकडे बघायचं. पेल्यातल्या पाण्याकडे नाही.

लातूर, २०१६

आपल्यापैकी अनेकांना ती पाण्याची रेल्वे आठवत असेल. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर.

ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. पाच लाख लिटर म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास, आणि २५ लाख लिटर म्हणजे माणशी साडेसहा लिटर. रेल्वेने शहराला धीर दिला, पण बाकीचं सगळं घरांनाच जुळवून घ्यावं लागलं.

माझी मावशी तेव्हा लातूरला होती. घरात पाच माणसं. त्यांच्या गल्लीत टँकर आठवड्याने यायचा आणि घराला २०० लिटर मिळायचे. माणशी दिवसाला सहा लिटरसुद्धा नाहीत. आपत्तीच्या छावण्यांसाठी जगभर जो किमान आकडा धरतात तो माणशी १५ लिटर आहे. राहिलेलं पाणी विकत घ्यायचं, किंवा मळ्यातल्या ओळखीच्या बोअरवरून रात्री स्कूटरवर कॅन बांधून आणायचं.

मावशीकडून मी तेव्हाचा क्रम नीट विचारून घेतला, कारण मला त्या क्रमातच रस होता. आधी अंगणातला सडा गेला आणि कुंड्या वाळल्या. मग लादी पुसणं आठवड्यावर गेलं. चादरी, पडदे, जाड कपडे धुणं बंद झालं. मग स्वयंपाक बदलला. चार भांड्यांचा स्वयंपाक कुकरच्या एका भांड्यात यायला लागला, ताटांच्या जागी पत्रावळ्या आल्या. पेला तोंडाला न लावता वरून पाणी पिण्याची सक्ती झाली, म्हणजे पेला विसळायला नको. मग आंघोळ दिवसाआड आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसणं. शेवटी माणसंच कमी केली. मुलांना परीक्षा संपताच पुण्याला आत्याकडे धाडलं, आणि पाहुण्यांना ‘पावसाळ्यात या’ असं सांगायला लागले. आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा अशी ज्या घराची रीत, तिथे हे सांगताना मावशीला काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

या यादीत फ्लश कुठेच नाही, कारण तो पहिल्याच दिवशी बंद झाला होता. नळच कोरडा, तर टाकी कशाने भरणार?

पाणी घरात कसं येतं, त्यावर सवय ठरते

मी राहते बंगळूरला. २०२४ च्या मार्चमध्ये आमच्याकडेही टंचाई आली. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, पण शहराच्या कडेच्या भागांत ते पोचलेलं नव्हतं. तिथल्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर होत्या, आणि बोअर आटले. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणं, बागेला घालणं, बांधकामाला वापरणं यावर बंदी आणली. मोडली तर पाच हजार रुपये दंड.

लातूर आणि बंगळूर शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते. टंचाई सारखी असली तरी घरं सारखी वागत नाहीत. पाणी कोणत्या वाटेने येतं, यावर सगळं ठरतं.

जिथे पाणी डोक्यावरून किंवा सायकलवरून आणावं लागतं, तिथे वापर माणशी साधारण १५ ते २० लिटरांवर येऊन थांबतो, मग खेप दहा मिनिटांची असो की अर्ध्या तासाची. पंधरा लिटरांची घागर म्हणजे पंधरा किलो वजन. किती पाणी वापरायचं हे तिथे मान आणि पाठ ठरवतात, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईची किंवा मुलीची असते.

जिथे नळ तीन-चार दिवसांनी तासभर येतो, तिथे साठवण हेच घराचं मुख्य काम होतं. पिंप, टाकी, हंडे, कळशा, पातेली, सगळं भरायचं. आणि इथेच आपली एक जुनी सवय आडवी येते : नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायचं. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं पाणी एका रात्रीत बिघडत नाही. प्यायचं नसेल तर धुण्याला घ्या, पण मोरीत ओतू नका.

जिथे टँकर विकत येतो, तिथे पैसा लगाम घालेल असं वाटतं. पण टँकरचं बिल फ्लॅटमागे सारखं वाटलं जात असेल, तर लगाम कोणालाच लागत नाही. दोन माणसांचं घर आणि सात माणसांचं घर तेवढेच पैसे भरतं, आणि शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाला आपण किती वापरलं हे कधीच कळत नाही. आमच्या सोसायटीत ‘पाणी जपून वापरा’ अशा पाट्या खूप लागल्या. त्यांनी काही झालं नाही. मग लिफ्टशेजारच्या फळ्यावर रोज सकाळी प्रत्येक विंगने काल किती हजार लिटर वापरले ते लिहायला सुरुवात केली. आठवड्यात बोलणी सुरू झाली, गळके फ्लश सापडले, आणि आकडे खाली आले. मोजलेलं दिसलं की माणूस सावध होतो.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत दिसली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई त्यांच्या घरी दोन टबांत सगळी भांडी करतात, कारण त्यांच्या वस्तीत नळ रोज येतच नाही. ते तंत्र त्यांना शिकवायची गरज नव्हती. आमच्या ओट्यावर नळ सोडून भांडी घासायची पद्धत आमचीच होती. टब आणून ठेवले, एवढंच आम्हाला करायचं होतं.

एका लिटराची तीन कामं

आता ‘उतरंड’ शब्दाकडे येऊ. एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड आपल्याला माहीत आहे. दुष्काळातलं शहाणं घर पाण्याची तशी उतरंड लावतं. स्वच्छ पाणी वरच्या कामाला, तिथून निघालेलं खालच्या कामाला, आणि सगळ्यात खाली संडास किंवा झाड. राजस्थानात बाडमेरकडे बाजेवर बसून आंघोळ करतात, खाली परात ठेवून तेच पाणी पुढे कपड्यांना वापरतात. मराठवाड्यातही घरोघरी हे झालं आहे.

फ्लॅटमध्ये ही उतरंड अशी लावता येते :

आंघोळ मोठ्या टबात उभं राहून करा. पंधरा लिटरांतले आठ-दहा लिटर सहज हाती लागतात, आणि ते संडासात वापरता येतात. पण साबणाचं पाणी फ्लशच्या टाकीत भरू नका. तिथे वास धरतो आणि आतलं रबर खराब होतं. बादलीने सरळ भांड्यात जोरात ओता. चार-पाच लिटरांत काम होतं.

कपडे विसळलेलं शेवटचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या धुण्यात कपडे भिजवायला घ्या, किंवा त्याने लादी पुसा.

भांड्यांचं खरकटं आधी कोरडं काढा, जुन्या कागदाने किंवा राखेने. मग एक टब घासायला, दुसरा विसळायला, आणि शेवटी तांब्याभर स्वच्छ पाण्याचा हात. पहिल्या टबातलं तेलकट पाणी साठवू नका, लगेच संडासात घाला.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ती नळी बादलीत सोडा. ते पाणी लादीला, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं. झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

एक नियम सगळ्याला लागू आहे : वापरलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो.

नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, म्हणजे एरेटर, स्वस्त असते आणि धार निम्म्याहून कमी करूनही हात नीट धुतले जातात. गळका नळ मात्र आज दुरुस्त करा. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला सुमारे वीस लिटर जातात. मावशीच्या घरी तीन माणसांना दिवसभर मिळायचं, त्याहून हे जास्त.

जिथे कधीच कापायचं नाही

आता ज्यासाठी हा भाग केला, ते सांगते.

पाणी तुटलं की घरातल्या बायका पाणी प्यायचं कमी करतात. हे त्या कोणाला सांगत नाहीत. कारण दोन असतात. एक, आधी मुलांना, म्हाताऱ्यांना, कामावर जाणाऱ्याला पुरू दे. दुसरं जास्त खरं : संडासाला पाणी नाही, म्हणून जायलाच लागू नये. शाळेतल्या मुलीही हेच करतात. यातून दिवसाला वाचतं किती? एक लिटर, फार तर दीड. आणि बदल्यात येतं काय? लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, मुतखडा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर हे आणखी महाग पडतं. एक लिटर पाणी वाचवायला ही किंमत आहे.

तपासायची खूण सोपी आहे. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर पाणी पुरेसं पोटात जातं आहे. गडद झाली तर कमी पडतं आहे. घरातल्या प्रत्येकाला ही खूण सांगा, आणि पिण्याच्या पाण्याचं भांडं वेगळं, सगळ्यांसाठी उघड ठेवा.

दुसरी न कापायची जागा म्हणजे हात धुणं. टंचाईत जुलाब वाढतात त्याला दूषित पाणी जितकं कारण आहे तितकेच न धुतलेले हात. साबणाने हात धुवायला नळ सोडायची गरज नसते. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडा आणि ती मोरीत उलटी टांगा. अर्ध्या लिटरात हात स्वच्छ होतात. दिवसात दहा वेळा धुतले तरी पाच लिटर.

साठवलेलं पाणी

पाऊस नाही, डबकी नाहीत, तरी डेंग्यू येतो. लोकांना याचं नवल वाटतं. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि दुष्काळात सगळ्यात जास्त साठलेलं पाणी घरातच असतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायचं. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडीही महिनोन्‌महिने तग धरतात. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढा, फेकायची गरज नाही. पिंपावर घट्ट झाकण किंवा जुन्या साडीचं दुहेरी कापड बांधा.

टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं गाळून घ्या, मग क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. किंवा खळखळून एक मिनिट उकळा. माठातून पाणी काढायला ओगराळं ठेवा, हात बुडवू नका.

उकळण्याने मात्र फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. नळगोंडा, अनंतपूर, राजस्थानचा बराच भाग, आपल्याकडे यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर, इथल्या खोल बोअरच्या पाण्यात हा त्रास आहे. अशा ठिकाणी दुष्काळात नवा बोअर घेतला तर पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. तोवर तो धुण्या-पुसण्याला ठेवा.

पन्नास लिटरांत दिवस

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराने १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरांची मर्यादा घातली. नळ बंद करायची वेळ आली तर माणशी २५ लिटर रांगेत उभं राहून घ्यावे लागणार होते. ती वेळ आली नाही. शहराचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आला, आणि मग पाऊस झाला. तिथेही वापराचा आकडा लोकांसमोर सतत मांडला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या घरासाठी मी ५० लिटरांची वाटणी अशी करते : आंघोळ १५, कपडे १०, भांडी ६, स्वयंपाक ५, पिणं ५, हात धुणं ५, लादी आणि इतर ४. संडासाला ताजं पाणी शून्य, सगळं वरून उतरलेलं. बघा, १३५ वरून ५० वर येताना पिणं आणि स्वयंपाक एका थेंबानेही कमी केलेले नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरांनी पाणी वाचवून दुष्काळ हटत नाही. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक शेतीला जातं. कोणतं पीक कुठे घ्यायचं, शहराच्या नळवाहिन्यांची गळती कोण थांबवणार, हे प्रश्न मोरीत सुटणारे नाहीत आणि ते विचारणं सोडू नये. घरातली काटकसर आपल्या घराला तगवण्यासाठी आहे, आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरापर्यंत थोडं पाणी पोचावं म्हणून.

पाऊस पडल्यावर

पहिला पाऊस झाला की सवयी भराभर परत येतात. टब माळ्यावर जातो, शॉवर सुरू होतो. टिकतं ते भिंतीत बसवलेलं : दोन बटणांची टाकी, नळाची जाळी, फ्लॅटवार मीटर, गच्चीवरचं पाणी जमिनीत सोडणारा पाइप. तमिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना पाऊसपाणी साठवणं सक्तीचं केलं. पण ते खड्डेही दर वर्षी गाळ काढला तरच चालतात, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे चारही मोठे जलाशय कोरडे पडले तेव्हा जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणून बदल टंचाईत सुचतो, पण बसवायचा तो पाणी असताना.

तुम्ही इंदूरला असा, वडोदऱ्याला, हैदराबादला की सोलापूरला, या आठवड्यात दोन कामं करा. तीन दिवस बादलीने मोजून आपल्या घरातला माणशी आकडा काढा. आणि घरातल्या बायकांना विचारा, पाणी नसतं त्या दिवशी त्या किती पितात. आकडा आणि उत्तर, दोन्ही लिहून ठेवा. पुढच्या भागात गच्चीवरच्या पावसाचा हिशेब करू, तेव्हा हा कागद हाताशी लागेल.